बोराटीचा चाटू

सोयाबीनची मळणी आटोपली, तुरीच्या शेंगा भरल्या की वऱ्हाडात शेतातल्या स्वयंपाकाचे बेत ठरू लागतात. कुणाचा मारुतीला बोललेला नवस असतो, कुणाकडे पुण्या-मुंबईहून पाहुणे आलेले असतात, कुणाला नुसतीच हौस असते. बेत बहुधा एकच: रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव आणि शेलुबाजारच्या मधे जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावर किन्हीराजा हे गाव लागतं. त्या पट्ट्यातही हीच रीत. कणीक, डाळ, वांगी, मोठा गंज, पोतंभर गोवऱ्या, तुपाची बरणी असं सगळं आठवणीनं शेतात जातं. आणि चूल पेटून डाळीला उकळी फुटली की लक्षात येतं, ढवळायला काहीच आणलेलं नाही. सराटा घरी राहिला, चिमटा राहिला, वरण घोटायची रवी तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

मग कुणीतरी उठतं, बांधावरच्या झाडाची फांदी कडकन मोडतं, पानं ओरबाडतं आणि सालीसकट ती काडी डाळीत घालतं. वेळ निभावून जाते. ती फांदी कशाची होती, हे त्या घाईत कुणी विचारत नाही. शेतातल्या स्वयंपाकात सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न मात्र हाच आहे. ढवळायचा लाकडी चाटू तासायला तासभर पुरतो, त्यासाठी लागणारी हत्यारं म्हणजे एक कुऱ्हाड आणि एक धारदार चाकू. झाड ओळखायची अक्कल मात्र ऐन वेळी गोळा करता येत नाही, ती आधीपासून जवळ असावी लागते.

म्हणून आधी टाळायची झाडं सांगतो. नाल्याच्या आणि पाटाच्या कडेनं वाढणारी बेशरम सगळ्यांच्या ओळखीची. गुलाबी-जांभळी फुलं, सरळ वाढलेल्या पोकळ काड्या, अंगावर काटा नाही, मोडायला सोपी, हवी तेवढी लांब. हाताशी येणारी पहिली काडी बऱ्याचदा हिचीच असते आणि नेमकी तीच घ्यायची नाही. बेशरमीत स्वेन्सोनिन नावाचं द्रव्य असतं. चारा नसला की शेळ्यामेंढ्या ती खातात आणि खात राहिल्या की हळूहळू अडखळत चालायला लागतात, कारण ते द्रव्य मज्जासंस्थेवर मारा करतं. रुईच्या पांढऱ्या चिकानं डोळ्याला इजा होते, थोराच्या चिकानंही. कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी या दोन्हींत हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्यं असतात, मुळापासून बीपर्यंत सगळ्या भागांत. नेपोलियनच्या सैनिकांनी स्पेनमध्ये कण्हेरीच्या काडीवर मांस भाजलं आणि ते दगावले, अशी एक गोष्ट जगभर सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही, पण कण्हेरीचं विष खरं आहे आणि अंगणातल्या शोभेच्या झाडाची काडी चुलीपर्यंत येऊ न देण्यासाठी तेवढं कारण पुरे. एरंड, धोतरा आणि बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावलेलं गिरिपुष्प हेही याच यादीत घाला.

बिब्ब्याबद्दल विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गोडंबी फोडणाऱ्या बायकांच्या हातांवर बिब्ब्याचं तेल उततं, कातडी काळी पडते, सोलते. त्या झाडाचा रसही तसाच दाहक असतो, म्हणून लाकूडतोडे ते तोडायला नाखूश असतात. आंबा याच बिब्ब्याच्या कुळातला. आंब्याचं लाकूड मऊ, तासायला सोपं आणि वापरायला चांगलं, पण ओल्या सालीतला चीक काहींच्या हाताला आणि ओठांना चांगलाच बाधतो. आंब्याची फांदी घेतलीच तर साल पूर्ण काढावी, लाकूड पाण्यानं धुवावं आणि मगच पुढचं काम करावं.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती फार महत्त्वाची आहे. पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतात ढिगानं पडलेल्या असतात. सरळ, वाळलेल्या, फुकट. चूल पेटवायला त्या उत्तमच. परंतु कपाशीवर हंगामभर कीटकनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात, तुरीवरही होतात. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे बळी गेले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या काडीवर ते औषध बसलं, ती उकळत्या वरणात घालू नये आणि तिच्यावर वांगंही खोवून भाजू नये. फवारणीच्या पट्ट्याला लागून असलेल्या बांधावरची कोवळी फांदीसुद्धा त्या दिवसांत टाळलेली बरी.

मग घ्यायचं काय? माझं मत विचाराल तर बोर. बोरीसारखं सोयीचं झाड आपल्या बांधावर दुसरं नाही. फळ आपण खातो, पानं शेळ्या खातात, त्यामुळे विषाची भीती नाही. लाकूड घट्ट, बारीक विणीचं, तांबूस. औजारांचे दांडे करायला ते वापरतातच. आणि मुख्य म्हणजे त्यासाठी झाड मारावं लागत नाही. कुंपणाला बोराटी हवी म्हणून शेतकरी दरवर्षी बोरीच्या फांद्या छाटतो. काटेरी शेंडे कुंपणाला जातात, खालचे मनगटाएवढे जाड तुकडे बांधावर पडून राहतात. चाटवाचं लाकूड ते हेच. बाभूळही चालते, तिच्या लाकडाच्या चिवटपणावर एके काळी बैलगाड्या आणि वखर-डवरे उभे होते. पण ती वाळली की साध्या चाकूला दाद देत नाही, आणि साल इतकी तुरट की तिनं कातडी कमावतात. तेव्हा ओली असतानाच तासावी आणि साल कणभरही ठेवू नये. चिंच फार कठीण. खाटकाचा ओंडका आणि मुसळ यांसाठी ती नावाजलेली, घाईच्या कामाला नाही. कडुनिंबाचे चमचे आणि सराटे बाजारात विकत मिळतात, पण ते नीट वाळवलेल्या लाकडाचे असतात. ओल्या फांदीचा कडूपणा वरणात उतरू शकतो. पळस, शेवगा आणि उंबर ही लाकडं इतकी भुसभुशीत की चाटू दुसऱ्या दिवशी तंतू सोडू लागतो. पळसाची पानं घ्यावीत, लाकूड सोडून द्यावं.

लाकूडच का, धातू का नाही, याचं उत्तर चुलीपाशी बसलेल्या प्रत्येकाच्या बोटांना ठाऊक असतं. लाकडाच्या आत तंतूंच्या बारीक नळ्या असतात आणि त्यांत हवा कोंडलेली असते. उष्णता त्यातून फार सावकाश सरकते. स्टेनलेस स्टीलमधून ती लाकडापेक्षा सुमारे शंभरपट सहज वाहते, ॲल्युमिनियममधून हजारपटीहूनही अधिक. म्हणून गंजात तासभर राहिलेला लाकडी चाटू उचलताना फडकं लागत नाही आणि पितळी पळीला लागतं. शिवाय उकळत्या वरणाचं तापमान १०० अंशांच्या आसपासच राहतं, तर लाकूड पेट घ्यायला साधारण २५० ते ३०० अंश लागतात. ओल्या लाकडात आधी पाण्याची वाफ व्हावी लागते, त्यामुळे ते आणखी उशिरा पेटतं. चुलीवर भांडं टांगायला ओल्या फांदीची आकडी चालते ती याच कारणानं. ज्योत थेट तिला चाटत नसली तर स्वयंपाक होईपर्यंत ती सहज टिकते.

आता चाटू. ओल्या बोरीचा, मनगटाएवढा जाड, हातभर लांब, सरळ आणि बिनगाठीचा तुकडा निवडावा. गाठ म्हणजे जिथून उपफांदी फुटली ती जागा. तिथे तंतू वळतात, चाकू अडतो आणि नंतर चीर जाते ती तिथूनच. तुकडा उभा धरून कुऱ्हाडीचं पातं त्याच्या डोक्यावर टेकवायचं आणि दुसऱ्या लाकडानं पात्याच्या पाठीवर ठोकायचं. कुऱ्हाड उगारायची नाही. ओलं लाकूड दोन-चार ठोक्यांत उभं दुभंगतं. दुभंगलेल्या फळीवर मधोमध गाभ्याची बारीक, मऊसर रेघ दिसते. ती तासून काढायची, हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे आणि घाईत बहुतेक जण तेच गाळतात.

कारण समजून घेण्याजोगं आहे. ओल्या लाकडात दोन प्रकारचं पाणी असतं. नळ्यांच्या पोकळीतलं पाणी आधी निघून जातं, त्यानं लाकडाचं माप बदलत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की नळ्यांच्या भिंतींतलं पाणी सुटू लागतं आणि तिथून लाकूड आक्रसायला लागतं. पण ते सगळीकडून सारखं आक्रसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेनं, म्हणजे गोलाईत, ते जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. लांबीत तर जवळपास नाहीच. गाभा मधे ठेवून अख्खी गोल फांदी वाळवली की बाहेरचा घेर लहान होऊ पाहतो, आत जागा नसते, आणि सालीपासून गाभ्यापर्यंत चीर जाते. फांदी आधीच दुभंगून गाभा काढला की हा ताण मोकळा होतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा उन्हात टाकलेला ओला चाटू संध्याकाळपर्यंत तडकलेला असतो. तो सावलीत, गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीच्या आडोशाला हळूहळू वाळू द्यावा.

फळीवर कोळशानं चाटवाचा आकार काढावा. आधी कुऱ्हाडीनं मोठ्या ढलप्या काढाव्यात, मग चाकू. चाकूचा नियम एकच: रुंद भागाकडून अरुंद भागाकडे, म्हणजे पात्याच्या फुगवट्यावरून दांड्याकडे तासत यायचं. त्या दिशेत पातं तंतूंवरून घसरत जातं आणि पातळ, सलग सोलपटं निघतात. उलट दिशेनं तासलं की पातं तंतूंच्या मधे शिरतं, लाकूड उकलतं आणि एका झटक्यात चाटू कामातून जातो. सोलपट कसं निघतंय हे पाहिलं की दिशा बरोबर आहे की नाही ते लगेच कळतं. मोडकी, खडबडीत निघाली की तुकडा फिरवून घ्यावा. बसताना दोन्ही गुडघे एका बाजूला ठेवावेत. मांडीच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते, त्यामुळे दोन मांड्यांच्या मधे लाकूड धरून तासणं हा जिवाशी खेळ आहे. पातं नेहमी अंगापासून दूर जाणारं असावं. अंधारात आणि जेवणाच्या घाईत हे काम करूच नये.

नुसतं ढवळायचं असेल तर सपाट चाटू पुरतो. वाढायला खोलगट हवा आणि तिथे चाकू हरतो, कारण वाकड्या पात्याचं कोरणं कुणी शेतात नेत नाही. त्यासाठी निखारा वापरायचा. बाभळीचा कडक, लाल निखारा चाटवाच्या तोंडावर मधोमध ठेवायचा, ओल्या काडीनं जागेवर दाबून धरायचा आणि फुंकणीनं हळूहळू फुंकायचं. खालचं लाकूड काळं पडून जळतं. निखारा बाजूला करून तो जळका थर चाकूच्या टोकानं किंवा धारदार खापरीनं खरवडायचा, मग पुन्हा निखारा. काठ जळू लागला तर त्याला चिखल लावायचा. पुढे पुढे फुंकर मंद ठेवावी, नाहीतर उष्णतेनं तळ तडकतो. दर खेपेला खळगा थोडा थोडा खोल होत जातो. पुरेसा झाला की काळा थर पूर्ण खरवडून स्वच्छ लाकूड लागेपर्यंत घासायचं. लोखंडाची हत्यारं येण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस याच रीतीनं लाकडाच्या वाट्या आणि होड्यासुद्धा कोरत आला आहे, आणि मला ही सगळ्या कामातली सगळ्यात सुंदर पायरी वाटते, कारण जो विस्तव अन्न शिजवतो तोच इथे भांडंही घडवतो.

गुळगुळीत करायला पॉलिश पेपर नसेल तर ओल्या फडक्यावर बारीक वाळू घेऊन घासावं. पारिजातकाचं खरखरीत पानही शेवटच्या हाताला चांगलं. एकदा पाण्यात बुडवून वाळू दिलं की दबलेले तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासून काढले की चाटू वरणात काटे सोडत नाही. घरी आणल्यावर त्याला जवसाचं तेल लावावं. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजननं घट्ट होत जातं आणि लाकडात मुरून त्याचा पातळ थर बसतो. शेंगदाण्याचं तेल तसं घट्ट होत नाही, नुसतं खवट होतं. मात्र खायचं, घाण्याचं जवस तेल घ्यावं. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते स्वयंपाकघराचं नव्हे. आणि तेल पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवावं किंवा पाण्यात भिजवून ठेवावं.

वरण घोटायची रवी याहून सोपी आणि तिच्यात डोकं जास्त. अंगठ्याएवढ्या जाड बांबूचा हातभर तुकडा घ्यायचा. टोकापासून वीतभर वर अंबाडीच्या सालीचा पट्टा पाण्यात भिजवून करकचून गुंडाळायचा. अंबाडी वऱ्हाडात बांधाबांधावर असते आणि तिच्या सालीच्या वाखाची सुतळी आपण पिढ्यानपिढ्या वळत आलो आहोत. बांधणी झाल्यावरच टोकाला चाकू टेकवून बांबू आधी उभा आणि मग आडवा चिरायचा, चार पाकळ्या होतात. बांधणी आधी असल्यानं चीर तिथवर येऊन थांबते. मग पाकळ्यांच्या मधे दोन बारीक काड्या एकमेकींना आडव्या सरकवायच्या, म्हणजे पाकळ्या फाकून राहतात. दोन तळव्यांत धरून फिरवली की शिजलेली तुरीची डाळ पाच मिनिटांत एकजीव होते. स्टीलच्या रवीला हे जमणार नाही असं नाही, पण गंजाच्या तळाला ती खरखरते आणि ही खरखरत नाही.

रोडग्यांना खरी गरज चिमट्याची. जाडसर दळलेल्या कणकेत मोहन, हळद, ओवा, मीठ घालून, घड्या घालून वळलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, वरून राख ओढायची आणि मधे मधे उलटायचे. हातानं हे जमत नाही आणि एका काडीनं रोडगा फुटतो. चिमट्याला दोन हात लांब, दोन बोटं रुंद बांबूची पट्टी घ्यावी. मधला चार बोटांचा भाग आतल्या बाजूनं तासून पातळ करावा, तिथे पाणी लावावं आणि निखाऱ्यावर वरच्या वर फिरवत गरम करावा. ओलं लाकूड तापलं की तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन मऊ होतं, पट्टी न मोडता वाकते. तशीच दोरीनं बांधून थंड होऊ दिली की तो बाक कायम राहतो. आपल्या कोरड्या डोंगरपट्ट्यातला मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे त्याची नळी मिळत नाही, पण चिमटा, रवी, सळ्या यांना तो एक नंबर. पोकळ जातीचा बांबू असेल तर दोन्ही बाजूंनी बंद पेर कधीही विस्तवात टाकू नये, आतली हवा आणि वाफ कोंडून ते बंदुकीच्या बारासारखं फुटतं. नाल्यातून नुकताच उचललेला ओला दगड चुलीला लावतानाही हीच भीती असते. बांबूची ताजी धार चाकूइतकी कापते. बुरुडांच्या बोटांवरचे वण पाहिले की ते पटतं.

ताटं-वाट्यांची सोय पळसच करतो. एका देठाला तीन मोठी पानं, लवचीक आणि जाड. कडुनिंबाच्या पानाचा मधला देठ टाचायला घ्यावा, पत्रावळ आणि द्रोण तयार. रोडगे राखेतून काढले की ते फडक्यात घालून झटकायचे, राख उडून जाते, मग फोडून पानावर तूप.

लाकूड घाण धरतं, प्लॅस्टिक आणि स्टील स्वच्छ, असं शहरात सर्रास मानतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे तपासून पाहिलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात असं आढळलं की लाकडी पाटावर सोडलेले जिवाणू लाकडाच्या आत ओढले जातात, तिथे वाढत नाहीत आणि पृष्ठभागावरून परत मिळवणं कठीण होतं. उलट सुरीचे चरे पडलेल्या प्लॅस्टिकच्या पाटावरचे जिवाणू हातानं धुऊन नीट निघत नव्हते. याचा अर्थ लाकूड धुवायचं नाही असा नव्हे. कच्च्या मांसाला लावलेला चाटू वेगळा ठेवावा, वापर झाला की राखेनं घासून गरम पाण्यानं धुवावा, उभा करून वाळवावा, आणि चीर पडलेला किंवा बुरशीचा काळा ठिपका आलेला चाटू सरळ चुलीत घालावा. लाकडाची खरी किल्ली वाळवण्यात आहे. ओला चाटू बंद डब्यात ठेवला की सगळी मेहनत वाया.

आपल्याकडे हे ज्ञान कुणी छंद म्हणून सांभाळलेलं नव्हतं, ते रोजचं होतं. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुतेदारीचं जे चित्र काढलं, त्यात सुतार हा पहिल्या फळीतला माणूस आहे. शेताची औजारं तो घडवी आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं घेई. काठवट, पोळपाट, रवी, चाटू ही घरातली लाकडी भांडी त्याच हातांची. जे गावाला चिकटून राहत नव्हते त्यांचं तर सगळं जगणंच मुक्कामाचं. बंजारा, म्हणजे लमाण समाजाचं श्रद्धास्थान असलेली पोहरादेवी याच वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारे लमाणांचे तांडे रोज नव्या माळावर चूल मांडत. बैलाच्या पाठीवर वजन म्हणजे पोटाचा प्रश्न. अशा प्रवासात जे जागेवर मिळतं ते कुणी सोबत वाहून नेत नाही. रेल्वे आली, लदेणीचा धंदा बसला आणि तांडे गावाशेजारी स्थिरावले. पुढे घरोघरी स्टील आलं, आणि बांधावरचं लाकूड फक्त सरपण उरलं.

लाकडाची हत्यारं कुजतात, म्हणून इतिहासात त्यांचा हिशेब कमी लागतो. दगडाची हत्यारं टिकली म्हणून आपण त्या काळाला अश्मयुग म्हणतो. पण झांबियातल्या कलांबो धबधब्यापाशी पाणथळ मातीत खाच पाडून एकमेकांवर बसवलेले ओंडके सापडले, त्यांचं वय सुमारे ४,७६,००० वर्षं ठरलं आणि ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. इंग्लंडचं ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं. समुद्रतळाच्या गाळातून ते वर काढलं तेव्हा खलाशांच्या लाकडी थाळ्या आणि वाडगी त्यात जशीच्या तशी मिळाली. आपल्या काळ्या जमिनीत, जिथे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, लाकूड असं टिकत नाही. आपला चाटू फक्त हातातून हातात टिकू शकतो.

कायद्याचं भान मात्र ठेवावं. मालेगाव तालुक्याच्या उत्तरेला काटेपूर्णा अभयारण्य आहे, कारंज्याजवळ काळविटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. फांदी तोडणं तर सोडाच, पडलेलं लाकूड उचलणंही गुन्हा ठरू शकतं आणि चूल मांडणं त्याहून गंभीर. राखीव जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. स्वतःच्या शेतातसुद्धा साग, मोह, आंबा अशी झाडं तोडायला १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यानं परवानगी लागते. या सगळ्याची गरजच पडत नाही, कारण चाटवाला लागतं तेवढं लाकूड छाटणीतच निघतं.

तेव्हा या वर्षी बोराटी तोडली की खालचे चार-सहा सरळ तुकडे जाळू नका. लगेच दुभंगून, गाभा काढून, टोकांना शेण किंवा चिखल लावून गोठ्यात सावलीला ठेवा. मुलांना घेऊन एकदा बांधावरून चक्कर मारा, बोर, बाभूळ, बेशरम, बिब्बा आणि बिट्टी यांची पानं हातात देऊन ओळख करून द्या, आणि मगच त्यांच्या हातात चाकू द्या. आणि रोडगे झाल्यावर आर पाण्यानं पूर्ण विझवल्याशिवाय शेत सोडू नका; हरभरा आणि गहू वाळलेले असताना एक ठिणगी अख्ख्या शिवाराला पुरते.